चिकमगळूरचा कौल : अप्रिय नेतृत्व आणि मतदारांची निष्ठा

मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत देशाने इंदिरा गांधी यांना नाकारले, असे सामान्यतः म्हटले जाते. हे विधान खरे असले, तरी अपुरे आहे. उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी एकही जागा काँग्रेसच्या हाती लागली नाही. रायबरेलीत स्वतः पंतप्रधान राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाल्या. परंतु त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशात ४२ पैकी ४१ आणि कर्नाटकात २८ पैकी २६ जागा काँग्रेसने जिंकल्या. पराभवाच्या त्या वर्षीही देशातील सुमारे ३४ टक्के मते त्या पक्षाला पडली होती. ज्या नेत्याविरुद्ध असंतोषाची लाट उसळली, त्याच नेत्याशी इतके मतदार एकनिष्ठ का राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर दिले जाते, ते अज्ञानाचे. आणीबाणीत वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. उत्तरेत काय घडले ते दक्षिणेच्या खेड्यापाड्यांतील मतदारांना कळलेच नाही, असा त्याचा आशय. या उत्तराची कसोटी पाहण्याची संधी इतिहासाने लवकरच दिली. नोव्हेंबर १९७८ मध्ये कर्नाटकातील चिकमगळूर मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि इंदिरा गांधी तेथे उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या. तोपर्यंत वृत्तपत्रे मुक्त होऊन दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. शहा आयोगाचे अहवाल सादर झाले होते. जनता पक्षाने वीरेंद्र पाटील यांच्यासारखा माजी मुख्यमंत्री रिंगणात उतरवला होता. तरीही त्या सुमारे ७७ हजार मतांनी विजयी झाल्या. पुढच्याच महिन्यात लोकसभेने त्यांचे सदस्यत्व रद्द केले, ही गोष्ट निराळी. मुद्दा असा की, माहिती उपलब्ध झाल्यावरही निष्ठा ढळली नाही. अर्थात तिचे मूळ अज्ञानाहून अन्यत्र शोधले पाहिजे.

ते मूळ, आमच्या मते, अनुभवाच्या भिन्नतेत आहे. आणीबाणी कायद्याने सर्व देशाला एकच होती. अनुभवाने ती एक नव्हती. उत्तर प्रदेशात १९७५-७६ मध्ये सुमारे १ लाख २८ हजार नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढील वर्षी त्यांची संख्या ८ लाख ३७ हजारांवर गेली. शिक्षक, तलाठी, पोलीस अशा सर्वांना संख्या पुरवण्याच्या कामास जुंपण्यात आले. दिल्लीत तुर्कमान गेट येथे घरे पाडली गेली आणि गोळीबार झाला. दक्षिणेतही शस्त्रक्रियांचे आकडे लहान नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे; म्हणून केवळ आकड्यांवरून निर्णय करता येत नाही. परंतु राज्ययंत्रणा म्हणजे दारात उभे राहिलेले संकट, अशी जी भावना उत्तरेत पसरली, ती दक्षिणेत तितक्या प्रमाणात रुजली नाही.

कर्नाटकात त्याच काळी राज्ययंत्रणेचे दुसरे रूप लोकांस दिसत होते. १९७२ पासून मुख्यमंत्री असलेल्या देवराज अर्स यांच्या शासनाने १९७४ मध्ये जमीन सुधारणा कायद्यात मूलगामी दुरुस्ती करून कुळवहिवाट संपुष्टात आणली. कुळांचे दावे तालुक्याच्या भूमी न्यायाधिकरणांपुढे येऊ लागले. १९७६ मध्ये ऋणमुक्तीचा कायदा झाला. हावनूर आयोगाच्या अहवालाने मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा पाया घातला. ज्या कुळास प्रथमच जमिनीचा मालक म्हणवून घेता आले, त्याच्या लेखी १९७५ आणि १९७६ ही वर्षे दडपशाहीची नव्हती. चिकमगळूर हा कॉफीच्या मळ्यांचा प्रदेश. मळ्यांना जमीन कायद्यातून सूट होती, त्यामुळे मळ्यातील मजुराच्या पदरी जमीन फारशी पडली नाही. परंतु सत्तेच्या शिखरावरील व्यक्ती आपल्या बाजूची आहे, ही भावना लाभाच्या कक्षेपलीकडेही पसरते.

येथे एक आक्षेप संभवतो. ही निष्ठा वस्तुतः अर्स यांच्यावरील असेल, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर जानेवारी १९८० च्या निवडणुकीने दिले. १९७९ मध्ये अर्स इंदिरा गांधींपासून विभक्त झाले होते. निवडणुकीत कर्नाटकातील २८ पैकी २७ जागा इंदिरा काँग्रेसला मिळाल्या. अर्स यांच्या पक्षास तेथे एकही मिळाली नाही. हाताने देणारा एक होता, पण मतदारांनी श्रेय दुसऱ्याच्या नावे जमा केले होते.

मात्र हे खाते कायमचे नव्हते. जानेवारी १९८३ मध्ये, इंदिरा गांधी पंतप्रधानपदी असतानाच, कर्नाटक आणि आंध्र या दोन्ही राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली. आंध्रात पाच वर्षांच्या आत चार मुख्यमंत्री बसवले गेले होते, आणि त्यातून दुखावलेल्या तेलुगू अस्मितेला नंदमुरी तारक रामराव यांनी वाचा फोडली. निष्ठा आंधळी असती, तर हा पालट घडला नसता. महाराष्ट्रातही १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला मिळालेल्या ६२ जागांपैकी मोठा भाग विदर्भातील होता. एकाच राज्याच्या दोन विभागांत एकाच नेत्याची दोन मूल्ये असू शकतात, याचे हे उदाहरण आपल्या घरातलेच आहे.

लोकप्रियता ही सरासरी आहे आणि मत सरासरीने दिले जात नाही. ते आपापल्या उंबरठ्यावरून दिले जाते. म्हणून १९७७ च्या उत्तरेतील मतदारास सुज्ञ आणि दक्षिणेतील मतदारास अडाणी ठरवणे शास्त्रीय नव्हे. त्याच उत्तर प्रदेशाने १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसला ८५ पैकी ५१ जागा दिल्या; तेव्हा हे शहाणपण कोठे गेले, असे विचारावे लागेल. तथापि एक उणीव मान्य केली पाहिजे. आपल्या उंबरठ्यावरून पाहणाऱ्यास दुसऱ्याच्या दारातील अश्रू दिसत नाहीत. चिकमगळूरचा मतदार स्वतःच्या अनुभवाशी प्रामाणिक होता. तुर्कमान गेटचे दुःख त्याच्या हिशेबात नव्हते. हा दोष त्याच्या एकट्याचा नाही. विस्तीर्ण देशातील लोकशाहीपुढचा तो कायमचा प्रश्न आहे, आणि मतदारास नावे ठेवून तो सुटत नाही.