शेवटचा ‘एड’

मंडळी, आम्ही मराठी माध्यमातली माणसं ‘लुक्ड’, ‘वॉकेड’ म्हणतो तेव्हा इंग्रजी शाळेतली नातवंडं हसतात. ‘लुक्ट, वॉक्ट म्हणा!’ आजच्या इंग्रजीत त्यांचंच बरोबर. पण ह्या ‘एड’चा इतिहास वाचल्यापासून मला त्या हसण्याचं फारसं काही वाटेनासं झालंय.

चौदाव्या शतकात, चॉसरच्या काळी, हा ‘एड’ साधारणपणे स्वतंत्र अक्षर म्हणून उच्चारत. पुढे बोलताना त्यातला स्वर गळू लागला. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही रूपं चालत. वृत्तात जे बसेल ते. हे गळणं विद्वानांना मुळीच रुचलं नाही. १७११ मध्ये ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’मध्ये तक्रार केली, की ‘वॉक्ड’, ‘ड्राउन्ड’ अशा आखडलेल्या रूपांनी भाषा विद्रूप झाली. पुढच्याच वर्षी स्विफ्टने (तोच, ‘गलिव्हर’वाला) थेट राज्याच्या खजिनदाराला पत्र लिहून भाषा सुधारायला मंडळ नेमा म्हटलं, त्यातही या आखडण्यावर राग आहेच. मंडळ काही झालं नाही. लोक बोलायचे तसेच बोलत राहिले. म्हणजे आज ज्याला आपण शुद्ध म्हणतो, तो त्या काळच्या पंडितांच्या लेखी गावंढळपणा होता!

स्वर गेला आणि ‘ड’ आधीच्या व्यंजनाला जाऊन भिडला. क, प, स अशा अघोषाशेजारी त्याचा ‘ट’ झाला, घोष वर्णाशेजारी आणि स्वरानंतर ‘ड’ राहिला. आधीच ट किंवा ड असेल तिथे मात्र स्वर टिकला: वॉन्टिड, नीडिड. नाहीतर जीभ अडकली असती.

गंमत बघा, आपल्याला हे नवं नाही. संस्कृतात ‘त’ प्रत्यय लागून मुच् चं मुक्त होतं, पण लभ् चं लब्ध. पठ् ला मध्ये ‘इ’ येऊन पठित. (हा ‘इ’ का येतो त्याचे नियम निराळे, असो.) भाषाशास्त्रज्ञ तर सांगतात, की इंग्रजी धातुसाधितातला हा ‘एड’ आणि आपला ‘त’ मूळचे एकच. तेव्हा ज्यांनी शाळेत संधी घोकले, त्यांना ‘लुक्ट’ जड जायचं कारण नाही. फक्त स्पेलिंगकडे न बघता कानाने शिकवायला हवं होतं. आम्हाला ते कुणी सांगितलं नाही.

जुना उच्चार काही ठिकाणी अजून तग धरून आहे. नेकिड, विकिड, ब्लेसिड. पोराने धडा शिकला तर तो ‘लर्न्ड’. विद्वान माणूस मात्र अजूनही ‘लर्निड’.