तालीम: शाळेतली आणि आखाड्यातली

सातवीच्या वर्गात ‘तालीम’चा अर्थ विचारला. मुलं म्हणाली, शिक्षण. मराठीच्या पुस्तकात मात्र कुस्तीची तालीम. एक जण म्हणाला, “सर, मराठीवाल्यांनी शब्द चुकीचा उचलला.” मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

शब्द अरबी, अर्थ शिकवणं. फारसीच्या वाटेने तो इकडे आला आणि कोल्हापूरच्या गंगावेस तालमीच्या, मोतीबाग तालमीच्या नावात जाऊन बसला. उस्तादाचा वस्ताद झाला. पण आखाड्यात शिकतं कोण?

१८७३ मध्ये फ्रान्सच्या राँव्हिए यांनी सशाचे लाल आणि पांढरे स्नायू तपासले. लाल सावकाश आकसतात पण दमत नाहीत. पांढरे झटक्यात जोर देतात आणि लवकर थकतात. माणसाच्या एकाच स्नायूत दोन्ही तंतू मिसळलेले असतात. मग कुणाला कधी कामाला लावायचं? १९२५ मध्ये लिडेल आणि शेरिंग्टन यांनी मज्जारज्जूतली एक चेतापेशी आणि तिच्या हुकमातले सगळे तंतू, अशा तुकडीला ‘मोटर युनिट’ म्हटलं. पुढे हेन्नमन यांनी दाखवलं की लहान चेतापेशी आधी जाग्या होतात, जोर वाढेल तशा मोठ्या. आमच्याकडे पहाटे पोलीस भरतीची पोरं पळतात. सोळाशे मीटरचा भार बराचसा सावकाश तुकड्यांवर असतो. शंभर मीटरला आणि गोळाफेकीला झटक्याच्या तुकड्याही उतरतात.

सगळ्यात नवल १९६० च्या प्रयोगाचं. बुलर आणि एक्लीस बाप-लेक यांनी मांजरांच्या जलद आणि मंद स्नायूंच्या नसा अदलाबदल करून जोडल्या. मंद स्नायू जलद होऊ लागला, जलद मंदावला. म्हणजे स्नायूचा स्वभावही बराचसा नस ठरवते!

१९७९ मध्ये मोरितानी आणि डीव्ह्रीस यांना आढळलं की व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः चेतासंस्थेची असते. स्नायू जाड व्हायला वेळ लागतो. पंधरा दिवसांत दंड फुगला नाही म्हणून जोर-बैठका सोडणाऱ्या, नाहीतर कुणी दिलेली पावडर पिणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही. त्या पंधरा दिवसांत नसा शिकत असतात.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं. तोच मुलगा म्हणाला, “मग सर, दोन्ही अर्थ एकच की.”