धमनी कॅथेटरमुळे होणारे उपद्रव

धमनी कॅथेटर ही शस्त्रक्रियेच्या काळात रक्तदाब अखंड मोजण्यासाठी व रक्ताचे नमुने घेण्यासाठी धमनीत बसविली जाणारी बारीक, लवचीक नळी होय. ती बहुधा मनगटातील रेडियल धमनीत घालतात; कारण हाताला अल्नर धमनीकडूनही रक्तपुरवठा होतो.

नळीभोवती गुठळी होऊन रक्तप्रवाह तात्पुरता थांबणे हा सर्वाधिक आढळणारा उपद्रव आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात रेडियल धमनीबाबत त्याचे प्रमाण सुमारे २० टक्के, तर रक्ताअभावी हाताला कायमची इजा होण्याचे प्रमाण ०.१ टक्क्याहून कमी आढळले. त्वचेखाली रक्त साकळणे व जंतुसंसर्ग हे अन्य उपद्रव होत.

नळीची जोडणी सुटल्यास अल्पावधीत मोठा रक्तस्राव होतो. शिरेतून द्यावयाचे थायोपेन्टोनसारखे औषध चुकून धमनीत गेल्यास बोटांना गँग्रीन होऊ शकते. म्हणून नळीवर ठळक खूणचिठ्ठी लावतात.

१९२९ साली एडगर ॲलन यांनी वर्णिलेल्या चाचणीवरून हाताचा रक्तपुरवठा पूर्वी तपासला जाई. मात्र तिच्यावरून संभाव्य इजेचा खात्रीशीर अंदाज बांधता येत नाही. भूल दिलेला रुग्ण वेदना सांगू शकत नाही. त्यामुळे बोटांचा रंग व उष्णता वारंवार पाहणे आवश्यक असते. बोटे पांढरी वा थंड पडल्यास नळी सहसा तत्काळ काढतात.