पाणी नसलं तरी नमाज थांबत नाही : तयम्मुमची सवलत

बीड जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही. १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसला. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, गावोगाव टँकर फिरले. अशा दिवसांत हंडाभर पाणी शिल्लक असतं आणि नमाजची वेळ होते. ते वुजूला वापरायचं की पिण्याला ठेवायचं? पुष्कळ जण ‘पाणी मिळालं की पढू’ म्हणतात आणि नमाज राहून जाते. याचं उत्तर दीनमध्ये आधीच दिलेलं आहे : तयम्मुम.

हुकूम कसा आला?
एका सफरीत हजरत आयशा (रजि.) यांचा हार हरवला. तो शोधण्यासाठी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी मुक्काम केला. तिथे पाणी नव्हतं, लोकांजवळही नव्हतं. सकाळी तयम्मुमची आयत उतरली. नंतर हार उंटाखालीच सापडला. एका अडचणीतून साऱ्या उम्मतला सोय मिळाली. सूरह निसा (आयत ४३) आणि सूरह माइदा (आयत ६) मध्ये हा हुकूम आहे. अल्लाहला बंद्यांना अडचणीत टाकायचं नाही, हे माइदाच्या त्याच आयतीत सांगितलं आहे.

केव्हा करता येतो?
आपल्याकडे बहुतेक लोक हनफी आहेत, म्हणून त्याप्रमाणे सांगतो.
- सुमारे एक मैलाच्या आत पाणी नसेल तर.
- पाण्याने आजार वाढण्याची भीती असेल तर.
- जवळचं पाणी पिण्याला लागणार असेल तर. जनावरांची तहानही यात धरली आहे.

कसा करायचा?
पाक होण्याची नियत करावी. दोन्ही हात स्वच्छ मातीवर, वाळूवर किंवा दगडावर मारून, झटकून, पूर्ण चेहऱ्यावरून फिरवावेत. पुन्हा मारून दोन्ही हातांवरून कोपरांसह फिरवावेत. आपली काळी मातीही चालते. वुजू ज्याने तुटतो त्याने तयम्मुमही तुटतो, आणि पुरेसं पाणी मिळालं की तो संपतो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी
दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. वाटेत सफर सुमारे ७८ किलोमीटर किंवा जास्त असेल तर जुहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. एका ठिकाणी पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याची नियत असेल तर कोपीवर नमाज पूर्ण पढायची. फडात पाणी लांब असेल तर वरच्या अटींप्रमाणे तयम्मुम आहेच.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात
सवलत आळसासाठी नाही. घरात पाणी असताना, नुसता कंटाळा आला म्हणून तयम्मुम होत नाही. पैगंबर (स.) एक मुद पाण्यात, म्हणजे साधारण लिटरभरात, वुजू करत. थोडं पाणी असेल तर आधी तसा प्रयत्न करावा.

दुसरी गोष्ट, तयम्मुमची नमाज कमी दर्जाची नाही. दोन सहाबींनी तयम्मुमने नमाज पढली आणि वेळ शिल्लक असतानाच पाणी मिळालं. एकाने नमाज पुन्हा पढली, दुसऱ्याने नाही. न पढणाऱ्याची नमाज पुरेशी झाली, असंच पैगंबर (स.) यांनी सांगितलं, पुन्हा पढणाऱ्याला दुप्पट सवाब असल्याचं सांगितलं.

म्हणून टँकर आला नाही तरी नमाज सोडू नये. आजारपणाचा किंवा वेगळा काही पेच असेल तर गावातल्या आलिमांना विचारावं. अल्लाह आपल्या जिल्ह्यावर रहमतचा पाऊस पाडो. आमीन.