जीप नक्की कोणाची?

आज एका टेंडरची गोष्ट सांगतो. थांबा, लगेच स्किप करू नका! या टेंडरमधून जी गाडी निघाली, ती तुम्ही सगळ्यांनी पाहिलीये. जीप.

जून १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे पडला आणि अमेरिकेच्या लष्कराची घाई सुरू झाली. त्यांना चारही चाकांना ताकद मिळणारी, हलकी टेहळणीची गाडी हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा झाली. अट अशी, की नमुना गाडी ४९ दिवसांत आणि सगळ्या ७० गाड्या ७५ दिवसांत द्यायच्या. बोली लावली फक्त दोघांनी: अमेरिकन बँटम आणि विलीज-ओव्हरलँड. विलीजचा भाव कमी होता, पण ४९ दिवस त्यांना जमणार नव्हते. उशिराचा दंड धरल्यावर काम बँटमला मिळालं.

बँटम म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची, पार डबघाईला आलेली कंपनी. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरने काही दिवसांत आराखडा काढला, आणि २३ सप्टेंबरला नमुना गाडी मेरीलँडच्या कँप होलाबर्डला पोचलीसुद्धा. मुदत संपायला जेमतेम अर्धा तास उरला होता!

गाडी पसंत पडली. मग वाद कसला? तर लष्कराला प्रश्न पडला, की गाडी झकास आहे, पण ही एवढीशी कंपनी हजारो गाड्या बनवणार कशी? म्हणून बँटमचे आराखडे विलीज आणि फोर्डला दाखवले गेले. बँटमने विरोध केला. लष्कर म्हणालं, आराखडे आता सरकारचे. तिघांनाही प्रत्येकी १,५०० गाड्यांची ऑर्डर मिळाली.

१९४१ मध्ये मोठ्या ऑर्डरची वेळ आली. लष्कराच्या खरेदी खात्याला फोर्ड हवी होती, कारण कारखाना मोठा. पण उत्पादनावर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाने आग्रह धरला, की बोली विलीजची कमी आहे, तर काम तिलाच द्या. विलीजचं इंजिनही तिघांत सर्वांत दमदार होतं. पुढे एकटी विलीज पुरी पडेना, तेव्हा फोर्डही विलीजच्याच आराखड्यावर जीप बनवू लागली. युद्धात सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारही नाहीत. ती जीपमागे जोडायचे ट्रेलर बनवत राहिली.

माझं मत सांगू? लष्कराची शंका बिनबुडाची नव्हती. सैनिकाला गाडी वेळेवर मिळालीच पाहिजे, कंपनी कितीही हुशार असो. पण पात्रता तपासायची होती तर ती बोलीच्या आधी. डोकं एकाचं वापरून झाल्यावर ‘तुझा कारखाना लहान’ म्हणणं, हा न्याय नाही. पुढच्या वेळी छोटी कंपनी आपली कल्पना घेऊन सरकारच्या दारात जाईल कशाला?

युद्धात विलीज जाहिरातींत जीपचं श्रेय स्वतःकडे घेत होती. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९४८ मध्ये ते दावे थांबवायला लावले. जीपची कल्पना बँटम आणि लष्करी अधिकाऱ्यांची, असं ठरलं. पण तोवर नाव विलीजला चिकटलं होतं. आपल्या मुंबईत महिंद्राने जीप जोडायला घेतली, तीही विलीजच्याच परवान्यावर.

आता कॉमेंटमध्ये सांगा, तुम्ही अधिकारी असता तर ऑर्डर कोणाला दिली असती? भेटू पुढच्या भागात!