जॉर्ज फर्नांडिस : एका उपऱ्याचे पुढारीपण आणि झाडूचा प्रश्न

मुंबईच्या कामगार चळवळीचा इतिहास लिहिणारे बहुधा गिरणीपासून सुरुवात करतात आणि गिरणीपाशीच थांबतात. त्या गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, अस्पृश्याला प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढावा लागे, आणि महाराच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. जास्त मजुरीचे खाते ते हेच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला, तेव्हा वर्गएकजुटीची भाषा करणाऱ्यांची अडचण झाली. गिरणीत ज्याला धागा मिळाला नाही, त्याच्या हाती शहराने झाडू दिला, मैल्याची पाटी दिली, कचऱ्याची गाडी दिली. या माणसाचा इतिहास लिहायचा तर मंगळूरहून मुंबईला आलेल्या एका उपऱ्या पोराकडे वळावे लागते.

जॉर्ज फर्नांडिस यांचा जन्म ३ जून १९३० चा. मातृभाषा कोकणी, धर्म कॅथलिक, सहा भावांत थोरले. आईने इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जवरून नाव ठेवले. पुढे सगळी हयात सत्तेशी भांडण्यात गेली, हा नियतीचा विनोदच. सोळाव्या वर्षी घरच्यांनी पाद्री होण्यासाठी बंगळूरच्या सेमिनरीत धाडले. तेथे वरिष्ठ पाद्री उंच मेजावर बसून चांगलेचुंगले खात आणि विद्यार्थ्यांच्या ताटात हलके अन्न पडे. प्रवचनात समता आणि पंगतीत भेद. दोन-अडीच वर्षांत त्यांनी ती जागा सोडली. पंक्तिभेद म्हणजे काय हे आम्हांला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तो पाहून उठून जाणारा माणूस मात्र आम्हांला क्वचितच भेटतो, हे नोंदवले पाहिजे.

१९४९ साली ते मुंबईत आले. राहायला जागा नव्हती. चौपाटीच्या वाळूत आणि बाकांवर झोपावे, मध्यरात्री पोलिसाने उठवावे, असे दिवस काढले. एका इंग्रजी दैनिकात मुद्रितशोधकाचे काम मिळाले. गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांच्या हाताखाली ते तयार झाले, आणि विचारांची दिशा राममनोहर लोहियांनी दिली. १९५८ साली डिमेलो वारले. त्यानंतरच्या दहा वर्षांत टॅक्सीवाले, उपाहारगृहांतील पोरे, महापालिकेचे कामगार अशा विखुरलेल्या माणसांच्या संघटना या तरुणाने उभ्या केल्या. गिरणीच्या दारात कम्युनिस्टांचा झेंडा आधीच रोवलेला होता. म्हणून फर्नांडिस अशा कामगारांकडे गेले ज्यांना 'कामगार' म्हणायलाच कोणी तयार नव्हते. १९६८ साली त्यांनी कामगारांसाठी बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँकही काढली. (तिचेच पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झाले, २०२५ साली रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि त्याच वर्षी ती सारस्वत बँकेत विलीन झाली.)

महापालिकेतील सफाई कामगार कोण होते? कोकण-देशावरचे महार, सौराष्ट्रातले मेघवाळ, उत्तरेकडचे वाल्मीकी. भाषा वेगळी, गाव वेगळे, पण गावाने बाहेर टाकलेपण एकच. त्यांच्यात संघटनेचे पहिले बीज फर्नांडिसांनी पेरले असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. म्युनिसिपल कामगारांचा संघ बाबासाहेबांनी तिसांच्या दशकातच काढला होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. फर्नांडिसांनी या दोहोंपैकी एकाशी लढा दिला, हे माझे म्हणणे.

तो लढा मात्र खरा होता. शहर झाडणाऱ्याने झाडू खाली ठेवला तर शहर दोन दिवसांत गुडघे टेकते, ही शक्ती त्यांनी झाडूवाल्याला दाखवून दिली. १९६१ साली ते महापालिकेवर निवडून गेले आणि १९६८ पर्यंत तेथे बसले. ज्या माणसाकडे पाहून रस्त्यावरचा माणूस नाक दाबी, त्याच्या पगाराची चर्चा सभागृहात होऊ लागली. बापाला मुकादमाची शिवी खाताना पाहिलेल्या पोराला हा बदल किती मोठा, हे वेगळे सांगायला नको.

१९६७ च्या फेब्रुवारीत दक्षिण मुंबईत संयुक्त समाजवादी पक्षाच्या या उमेदवाराने स. का. पाटलांना पाडले. पाटील म्हणजे मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा, केंद्रात रेल्वेमंत्री. 'दाक्षिणात्य हटवा' म्हणणाऱ्या शिवसेनेला तेव्हा वर्षही झाले नव्हते. अशा हवेत मंगळूरचा माणूस या शहराने लोकसभेत धाडला. उपरा कोण हे जन्मगाव ठरवीत नाही, कामाची जागा ठरवते, असा कौल त्या मतपेटीने दिला होता. तो फार टिकला नाही. १९७१ साली ते येथूनच हरले, आणि १९७७ साली बडोदा डायनामाइट खटल्यातला कैदी म्हणून तुरुंगातून निवडून आले ते बिहारमधील मुझफ्फरपूरहून. मधल्या काळातला मे १९७४ चा वीस दिवसांचा रेल्वे संप सर्वांना ठाऊक आहे.

आता झाडूकडे परत. लोहियांच्या पक्षाने मागासांना शंभरात साठ जागा मागितल्या. शूद्र, दलित, आदिवासी, मुसलमानांतील मागास आणि सर्व स्त्रिया त्यात धरल्या. इतर पक्ष जातीचे नाव घ्यायला लाजत असताना हे धैर्य मोठेच. बाबासाहेब आणि लोहिया यांच्यात १९५६ साली पत्रव्यवहारही चालला होता. भेट व्हायच्या आत बाबासाहेब गेले. पण पक्षाच्या ठरावातली जात युनियनच्या मागणीपत्रकात उतरली नाही. पगार वाढवा, कायम करा, महागाईभत्ता द्या. झाडू एकाच जातीच्या हाती का, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. पुढे महाराष्ट्र सरकारने लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींवरून सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला घेण्याची तरतूद केली. बाप निवृत्त झाला की पोराने झाडू धरायचा, नाहीतर महापालिकेची खोली सोडायची. सवलत म्हणून मिळालेली ही गोष्ट वर्णव्यवस्थेचीच सही होती, आणि आमच्याच माणसांनी ती मोर्चे काढून मागून घेतली. त्यांना दोष देता येत नाही. मुंबईत डोक्यावरचे छप्पर कोण सोडील?

समाजवाद्यांचा पक्ष लहानच राहिला. १९५२, १९५५, १९६४, १९६५, १९७१ : फुटले, जुळले, पुन्हा फुटले. (या विद्येत रिपब्लिकन पक्षही त्यांच्या मागे नव्हता.) जुलै १९७९ मध्ये मोरारजींच्या सरकारचा बचाव करणारे जोरदार भाषण करून काही दिवसांतच फर्नांडिस पलीकडे गेले. १९९४ साली नितीशकुमारांसह त्यांनी समता पक्ष काढला आणि १९९६ साली भारतीय जनता पक्षाशी हातमिळवणी केली. १९९८ ला पक्षाचे खासदार बारा, आणि पुढारी देशाचा संरक्षणमंत्री. २००२ साली गुजरातच्या कत्तलीनंतर रामविलास पासवान मंत्रिमंडळातून बाहेर पडले. फर्नांडिस आत राहिले, आणि असले अत्याचार देशात पूर्वीही झाले आहेत असे लोकसभेत म्हणाले. सेमिनरीच्या पंगतीतून उठलेला माणूस या पंगतीतून उठला नाही. काहींच्या मते हे वयाचे थकलेपण. मला तसे वाटत नाही. काँग्रेसविरोध हेच ज्या राजकारणाचे अखेरचे तत्त्व उरते आणि ब्राह्मणशाही हा ज्याचा स्वतंत्र शत्रू नसतो, त्याला तेथे जायला वाट मोकळी असते. आमच्या काही पुढाऱ्यांनी बाबासाहेबांचे नाव घेऊन तीच वाट धरली, त्यामुळे हे लिहिताना समाधान वाटत नाही. २९ जानेवारी २०१९ रोजी ते वारले.

तळवड्यात बसून हा इतिहास वाचताना एक फरक डोळ्यांत भरतो. फर्नांडिसांच्या झाडूवाल्याचा मालक एक होता आणि तो कोठे बसतो हे ठाऊक होते. तळवडे-चाकणच्या पट्ट्यात मराठवाड्याचा, विदर्भाचा, बिहारचा पोर एका छपराखाली राबतो आणि त्याच्या मजुरीचा धनी कंत्राटदार असतो. कंत्राट बदलले की पोरही बदलतो. एक शेड बंद पडली तर रस्त्यावरची एक गाडी थांबत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये याच तळवड्यात केकवर लावायच्या फुलझडी मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडला आग लागली. मेल्या त्यांत बहुतेक बायका होत्या. मुंबईतही झाडू आता कंत्राटावर गेला आहे. तेथील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना पालिका आपले कामगार मानायला तयार नव्हती. वर्षानुवर्षे खटला लढून २०१७ साली त्यांनी सर्वोच्च न्यायालयातून कायमपण मिळवले. त्यांच्या हातातला झाडू मात्र कायमच होता.