वाटाड्याची सनद : सुरीनाममधील अरण्यप्रवासाचे विवेचन

पर्यटनाच्या समाजशास्त्रात वाटाड्याच्या दोन भूमिका मानल्या जातात. एरिक कोहेन यांनी १९८५ साली त्यांची नीट मांडणी केली. पहिली भूमिका वाट काढून देणाऱ्याची, दुसरी दिसले ते समजावून देणाऱ्याची. रोम, काशी किंवा अजिंठा या ठिकाणी ही विभागणी पुरते. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकावरच्या सुरीनाममध्ये मात्र ती अपुरी पडते. तिथे वाटाड्या तिसरेच काम करत असतो आणि तेच मुख्य असते: दुसऱ्याच्या हद्दीत परक्या माणसाला कोणाच्या तरी जबाबदारीवर नेणे. ही जबाबदारी त्याला कोणी दिली, सरकारने, कंपनीने की गावाने, यावर सगळ्या प्रवासाचे स्वरूप ठरते. पुढील विवेचन याच प्रश्नाभोवती आहे.

आधी भूगोल. सुरीनामचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक. लोकसंख्या मात्र सहा लाखांच्या थोडी वर, एकट्या सोलापूर शहराहूनही कमी. नव्वद टक्क्यांहून अधिक भूभाग जंगलाने व्यापलेला आहे आणि बहुतेक वस्ती उत्तरेच्या किनारपट्टीत, त्यातही पारामारिबो या राजधानीत व तिच्या आसपास एकवटली आहे. मोठे रस्ते किनाऱ्याला समांतर पूर्व-पश्चिम धावतात. नद्या दक्षिणेकडून उत्तरेकडे येतात. त्यामुळे देशाच्या आत शिरायचे तर नदीने उलट वर चढावे लागते, नाहीतर झोर्ग एन होप या राजधानीतल्या छोट्या विमानतळावरून आठ-दहा आसनी विमान धरावे लागते. सुरीनाम नदीच्या दिशेने जाणारा रस्ता आत्योनीच्या धक्क्यापाशी संपतो. तिथून पुढे लांब, अरुंद लाकडी होडी, तिला मागे मोटर. मोटरवर एक माणूस आणि पुढच्या टोकाला लांब काठी घेऊन दुसरा. खळाळ आला की पुढचा नुसत्या हाताच्या खुणेने खडक दाखवतो आणि मागचा त्याप्रमाणे नाव वळवतो. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा मोठा कोरडा हंगाम. तेव्हा पाणी उतरते, खडक उघडे पडतात, आणि पावसाळ्यात सरळ निघून जाणारी होडी मग उतारूंना काठावर उतरवून ओढत न्यावी लागते. हे कौशल्य पुस्तकातून मिळत नाही आणि शहरातल्या तरुणाकडे सहसा नसते. म्हणून सहलीची कंपनी पारामारिबोची असली तरी होडी चालवणारे हात नदीकाठच्या गावचेच असतात.

इथल्या प्रवासाचे वर्गीकरण बहुधा निसर्ग, संस्कृती आणि साहस असे केले जाते. माहितीपत्रके छापण्यासाठी ते सोयीचे आहे, विश्लेषणासाठी निरुपयोगी. जमीन कोणाची आणि यजमान कोण, या निकषावर पाहिले तर तीन क्षेत्रे दिसतात: सरकारने राखलेले अरण्य, नदीकाठच्या समाजांची गावे, आणि किनाऱ्यावरचा शहर-मळ्यांचा पट्टा.

पहिल्या क्षेत्राबद्दल थोडक्यात. १९९८ मध्ये रालेखफालन, ताफेलबेर्ख आणि आयलर्ट्स द हान ही तीन राखीव क्षेत्रे जोडून सेंट्रल सुरीनाम निसर्ग राखीव क्षेत्र तयार झाले. त्याचा विस्तार सुमारे १६ लाख हेक्टर, म्हणजे देशाचा जवळपास दहावा हिस्सा, आणि २००० पासून ते जागतिक वारसा आहे. कोपेनामे नदीकाठच्या तळावरून फोल्ट्सबेर्ख या साधारण २४० मीटर उंचीच्या काळ्या ग्रॅनाइटच्या घुमटावर चढता येते. वाटेत नारिंगी रंगाच्या कॉक-ऑफ-द-रॉक पक्ष्यांचे नर नाचाच्या ठरलेल्या जागी जमतात. इथे वाटाड्याचे काम कोहेनच्या चौकटीत चोख बसते. दाट जंगलात डोळ्यांना फार थोडे दिसते आणि बहुतेक प्राणी आवाजाने कळतात. ज्याचा कान तयार नाही त्याला दिवसभरात पाने सोडून काही दिसणार नाही. माझी हरकत आहे ती 'निर्मनुष्य अरण्य' या जाहिरातीतल्या वर्णनाला. कोपेनामेच्या काठी क्विंती समाजाची गावे आहेत आणि रालेखफालनकडे जाणाऱ्या होड्या त्यांच्याच विटाग्रोन गावाहून निघतात.

दुसरे क्षेत्र सर्वांत गुंतागुंतीचे, आणि खरा विषय तोच आहे. डच मळ्यांमधून पळून जंगलात गेलेल्या आफ्रिकी गुलामांनी सतराव्या-अठराव्या शतकांत नद्यांच्या वरच्या अंगाला स्वतंत्र समाज उभे केले. न्ड्युका, सामाका, मातावाई, पामाका, अलुकु आणि क्विंती हे ते समाज. त्यांना एकत्रितपणे मरून म्हणतात. त्यांना युद्धात नमवता येत नाही हे कळल्यावर वसाहतीच्या सरकारने १७६० मध्ये न्ड्युकांशी आणि १७६२ मध्ये सामाकांशी तह केले. सुरीनाममध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १ जुलै १८६३ रोजी. म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाला सुटका मिळण्याच्या शंभर वर्षे आधी नदीच्या वरच्या अंगाचा माणूस तहाने स्वतंत्र होता. या शंभर वर्षांच्या अंतराचा परिणाम पर्यटकाला गावात पाऊल ठेवताच जाणवतो, कारण तिथे त्याला 'नागरिकांच्या सोयीसाठी' असलेल्या जागेत नव्हे, तर एका राज्यसंस्थेच्या हद्दीत नेले जाते. गावाचा कॅप्टन, त्याचे सहायक बास्या, सर्वांच्या वर प्रमुख असलेला ग्रानमान (सामाका भाषेत गामा) ही उतरंड आजही चालू आहे.

गावाच्या वाटेवर दोन खांबांमध्ये ताडाच्या सुकलेल्या पानांची झालर बांधलेली असते. वाईट शक्ती आत येऊ नयेत म्हणून. तिच्याखालून जायचे की बाजूने, कोणत्या झाडाजवळ थांबायचे नाही, कोणत्या देव्हाऱ्याचा फोटो काढायचा नाही, नदीवर धुणी-भांडी करणाऱ्या बायकांवर कॅमेरा रोखायचा नाही, हे सगळे होडीतून उतरण्याआधी सांगावे लागते. पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी कुठे जाऊ नये, याचेही नियम अनेक गावांत पाळले जातात. ते परक्या स्त्रीला कोण आणि कसे सांगणार, हा वाटाड्याच्या कामातला अवघडातला अवघड भाग असावा. मराठी घरांत वाढलेल्या वाचकाला हा पेच समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र इथे पाहुण्याचे मत विचारलेले नसते, हेही लक्षात ठेवावे लागते. वाटाड्याने नियम सांगितला नाही आणि पाहुण्याने तो मोडला, तर दोष पाहुण्याचा धरला जात नाही, त्याला आणणाऱ्याचा धरला जातो. अर्थात वाटाड्या जामीनदार असतो. परवानगी त्याच्या नावावर मिळालेली असते आणि पुढच्या वेळी ती नाकारली जाण्याची भीतीही त्यालाच असते. पाहुणा उद्या अॅमस्टरडॅमच्या विमानात बसेल, वाटाड्याला याच नदीवर राहायचे आहे.

कोहेनच्या दुसऱ्या भूमिकेला, म्हणजे समजावून देण्याला, इथे एक मूलभूत मर्यादा पडते. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड प्राइस यांनी १९८३ मध्ये 'फर्स्ट-टाइम' या ग्रंथात दाखवून दिले की पळून येण्याच्या आणि लढण्याच्या पहिल्या काळाविषयीचे ज्ञान सामाका लोक अत्यंत जपून ठेवतात. ते धोक्याचे मानले जाते, तुकड्यातुकड्यांनी सांगितले जाते, आणि आपल्याच तरुणांनाही कोणी सगळे एकदम देत नाही. तेव्हा ज्या वाटाड्याला सर्वांत जास्त माहीत आहे, तो सर्वांत कमी बोलण्याची शक्यता असते. उलट पारामारिबोहून आलेला, परीक्षा पास झालेला तरुण वाटाड्या मोकळेपणाने भरपूर सांगतो, कारण त्याच्यावर ते बंधन नसते. पाहुण्यांना दुसरा आवडतो. अभिप्रायाच्या वहीत त्यालाच चांगले शेरे मिळतात. वाटाड्याचे मोजमाप त्याच्या बोलण्यावरून करण्याची पर्यटन व्यवसायाची सवय या नदीवर सरळ उलटे निष्कर्ष देते.

तिसऱ्या क्षेत्राकडे जाण्याआधी दुसऱ्या आणि तिसऱ्या क्षेत्रांच्या मधल्या एका जागेचा विचार करायला हवा. ब्राउन्सबेर्खच्या टेकडीवरून खाली एक अफाट पाणी दिसते आणि त्यातून मेलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले दिसतात. हा ब्रोकोपोंडो जलाशय, सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचा. १९६०च्या दशकात आफोबाका धरण बांधले गेले, मुख्यतः अॅल्युमिनियम वितळवण्याच्या कारखान्याला वीज देण्यासाठी. सुमारे सहा हजार मरून लोकांची, मुख्यतः सामाकांची, गावे पाण्याखाली गेली आणि ते ब्राउन्सवेख, क्लासक्रेक अशा नव्या वसाहतींत हलवले गेले. आज त्या पाण्यावर शहरी माणसे सुट्टीला जातात. एकाच दृश्याची इथे दोन निवेदने होतात: एका वाटाड्यासाठी ते मासेमारीचे तळे, दुसऱ्यासाठी आजीचे गाव. कोणते ऐकायला मिळेल हे वाटाड्या कुठून आला यावर अवलंबून असते.

किनारपट्टीत परवानगीचा प्रश्न उरत नाही, तिथे वाद कथनाचा असतो. पारामारिबोचे जुने लाकडी शहर २००२ पासून जागतिक वारसा आहे. काइझरस्ट्राटवर मशीद आणि सिनेगॉग शेजारी-शेजारी उभे आहेत आणि प्रत्येक शहरफेरी तिथे थांबते. तो शेजार खरा आहे, पण त्यावरून देशाच्या बहुसांस्कृतिकतेचा जो गोड अर्थ काढला जातो तो अर्धवट आहे. इतके लोक इथे एकत्र आले ते मळ्यांना मजूर हवे होते म्हणून. गुलाम मुक्त झाले, पण कायद्याने त्यांना आणखी दहा वर्षे मळ्यांवर काम करणे भाग होते. ती मुदत १८७३ मध्ये संपली आणि त्याच वर्षी ५ जूनला 'लाला रुख' हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजूर घेऊन पोहोचले. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार भारतीय आले. १८९० पासून जावा बेटावरून मजूर आणणे सुरू झाले. आधी चिनीही आणले गेले होते. म्हणजे रस्त्याकडेला मिळणारी रोटी, बामी आणि पोम हा एकाच मजूर-बाजाराचा उलगडत गेलेला हिशेब आहे. मॉरिशसच्या गिरमिटियांत, म्हणजे करारबद्ध मजुरांत, मराठी माणसे होती. सुरीनामचे हिंदुस्तानी मात्र मुख्यतः भोजपुरी-अवधी पट्ट्यातले, त्यामुळे तिथे कानावर पडणारी त्यांची सरनामी भाषा, हिंदी जाणणाऱ्या मराठी माणसाला बरीचशी कळते.

कोमेवाइने नदीकाठी मारिएनबुर्ग या पडक्या साखर कारखान्यात या इतिहासाची कसोटी लागते. गंजलेली यंत्रे, आत उगवलेली झाडे, फोटोंसाठी उत्तम जागा. जुलै १९०२ मध्ये मजुरीवरून पेटलेल्या उठावात मळ्याचा व्यवस्थापक मारला गेला आणि त्यानंतर सैन्याच्या गोळीबारात २४ भारतीय मजूर मेले. ज्या फेरीत हे सांगितले जात नाही, ती यंत्रांची फेरी. राजधानीतल्या फोर्ट झेलांडियाचेही तसेच. तिथे ८ डिसेंबर १९८२ रोजी लष्करी राजवटीच्या १५ विरोधकांना ठार करण्यात आले. या प्रकरणी त्या राजवटीचे प्रमुख देसी बाउटर्से यांना शिक्षा झाली ती २०१९ मध्ये, मधल्या काळात ते दोनदा निवडून राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतर. अशा जागी वाटाड्याच्या गप्प बसण्याला पवित्र ज्ञानाचे कारण देता येत नाही.

  

आता सनदेचा, म्हणजे वाटाड्याला जबाबदारी कोणी दिली याचा, प्रश्न पुन्हा. सामाका प्रमुखांच्या संघटनेने लाकूडतोडीच्या परवान्यांविरुद्ध लढा दिला आणि २८ नोव्हेंबर २००७ रोजी इंटर-अमेरिकन मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की जमिनीवर त्यांचा सामूहिक हक्क आहे आणि मोठ्या प्रकल्पांसाठी त्यांची पूर्वमाहितीसह संमती घ्यावी लागेल. लढ्याचे नेते वाझेन एदुआर्ड्स आणि ह्यूगो जबिनी यांना २००९ मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळाला. निकालाची पूर्ण अंमलबजावणी अजून झालेली नाही. झाली तरी संमतीची ती कडक अट मोठ्या प्रकल्पांना लागेल, नदीकाठी बांधलेल्या सहा झोपड्यांच्या लॉजला सहसा नाही. लॉजसाठी जागा देणे, पाहुण्यांना आत घेणे, त्यातून गावाला काय मिळणार हे ठरवणे, हे कॅप्टनच्या ओसरीवर तोंडी होते. खाणे आणि पेट्रोल शहरातून येते, त्यामुळे पाहुण्याच्या पैशाचा मोठा भाग नदी चढायच्या आधीच खर्च झालेला असतो. उरतो तो होडीवाला, स्वयंपाकीण आणि कसावाची भाकरी विकणारी यांच्यात वाटला जातो. ठरलेले मोडले तर कागद दाखवायला कोणाकडेच नसतो. कॅप्टन फक्त त्या वाटाड्याला पुढच्या होडीसकट परत पाठवू शकतो.